मोजून न्या, पण न्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या सोमवारी माझ्या नातीने दप्तरातून एक कागद काढून माझ्या मुलापुढे ठेवला. ती अकरावी सायन्सला आहे. कागदाच्या डोक्यावर ठळक अक्षरांत ‘साहस शिबिर व निसर्ग शिक्षण सहल’. ठिकाण, हायवेलगतचं एक रिसॉर्ट. कार्यक्रम: झिपलाइन, रेन डान्स, डीजे, अनलिमिटेड नाश्ता. वर्गणी २,४०० रुपये. आणि तळाशी बारीक टायपात पालकांचं हमीपत्र, की ‘सहलीदरम्यान कोणतीही दुर्घटना घडल्यास त्यास महाविद्यालय जबाबदार राहणार नाही’. मुलगा पेन शोधायला उठला. मी म्हटलं, थांब जरा, तो कागद इकडे दे.

मी भूगोलाची शिक्षिका. कनिष्ठ महाविद्यालयात नोकरी केली, २०१४ साली निवृत्त झाले. पेपर तपासायची सवय अजून गेलेली नाही, म्हणून लाल पेन घेऊनच बसले. कागदात पालकाचं नाव, सही, मोबाइल नंबर आणि ‘व्हेज की नॉनव्हेज’ एवढं विचारलं होतं. मुलाला दमा आहे का, फिट येते का, रोजची कुठली गोळी चालू आहे का, पोहता येतं का, यातलं एक अक्षर नाही. सोबत शिक्षक किती, त्यात बाई किती, जवळचा दवाखाना कुठला, ती झिपलाइन चालवणाऱ्याची कुठे नोंदणी आहे का, काही नाही. पोरगं ऑम्लेट खातं की नाही याची चौकशी केली आणि बाकी सगळं आईबापाच्या सहीवर ढकलून दिलं.

रिसॉर्टचं मला वावडं नाही. पोरांनी नाचावं, भिजावं, त्यांचं वय आहे. फक्त त्याला ‘साहस’ आणि ‘शिक्षण’ म्हणू नका. पट्टे बांधून एकाने सोडलं आणि पलीकडे दुसऱ्याने धरलं, यात मुलाला स्वतःचं डोकं कुठे लावावं लागलं?

१९८९ पासून २०१३ पर्यंत, दोन-तीन वर्षं सोडली तर दर डिसेंबरात मी अकरावीची मुलं घेऊन रतनगडावर जात होते. रतनगडच का, याचं उत्तर आमच्या नळात आहे. संगमनेर प्रवरेच्या काठावर वसलेलं. प्रवरा उगम पावते रतनगडावर, भंडारदऱ्याला १९२६ साली पुरं झालेलं विल्सन धरण तिला अडवतं, मग खाली निळवंडे, आणि पुढे ओझरच्या बंधाऱ्यावरून डावा-उजवा कालवा सुटतो. आमच्या तालुक्यातला ऊस, डाळिंबं, लग्नातल्या पंगती, सगळं या पाण्यावर. संगमनेरला वर्षाकाठी पाचशे मिलिमीटरही पाऊस धड पडत नाही, आणि तिकडे घाटघर-रतनवाडीला पाच हजाराच्या आसपास. अंतर रस्त्याने ८० किलोमीटरच्या आतबाहेर. अकरावीच्या पोराला हे आकडे पाठ असतात. पण सकाळी संगमनेरच्या स्टँडवरून लाल डब्यात बसून दुपारच्या आत रतनवाडीत उतरलं की त्याला कळतं की हवाच वेगळी आहे. घरांची छपरं उतरती, भिंतीला पावसाळ्यात लावलेल्या झडपांच्या खुणा, आणि अमृतेश्वराच्या देवळाचा दगड शेवाळाने काळपट.

गडाची वाट प्रवरेच्या ओढ्याच्या काठाकाठाने जाते, आणि तो ओढा तीन-चारदा ओलांडावा लागतो. डिसेंबरात पाणी घोट्याएवढंच असतं. तिथे मी मुलांना बूट काढायला लावायची आणि दहा मीटरची दोरी काठाने ताणून संत्र्याची साल पाण्यात सोडायला सांगायची. साल किती सेकंदांत दोरीच्या टोकाला पोचते, पात्र किती रुंद, किती खोल, करा हिशेब. आमच्या वर्गात निम्मी मुलं बागायतदारांची. आवर्तन, म्हणजे कालव्याच्या पाण्याची पाळी, कधी सुटणार, पाणी सोडणाऱ्या पाटकऱ्याशी रात्री बाचाबाची कशी होते, हे त्यांनी घरी ऐकलेलं. तीच मुलं त्या ओढ्यात उभी राहून म्हणायची, बाई, एवढंसंच? याच्यावर एवढी भांडणं?

आमच्यासोबत रतनवाडीचे एक मामा असायचे. सगळी मुलं त्यांना मामाच म्हणायची, मीसुद्धा. एकदा एका मुलाने त्यांना विचारलं, मामा, तुमच्या शेताला कालवा नाही का? मामा ओढ्यात हात धूत होते. म्हणाले, “पाणी आमचं, पाट तुमचा.” आणि पुढे चालायला लागले. त्या मुलाच्या वडिलांचा बारा एकर ऊस होता. तो संध्याकाळपर्यंत गप्प होता. मी पस्तीस मिनिटांच्या तासात खडूने हे शिकवू शकले नसते.

आता जे सांगायचंय ते मला सोपं जात नाही. पण ज्याने कधी चूक केली नाही तोच सहली काढतो असा कुणाचा समज व्हायला नको, म्हणून सांगते.

डिसेंबर १९९६. त्या वर्षी ५८ मुलं आणि आम्ही तीन शिक्षक. आता लिहितानाही लाज वाटते. पण एसटीच्या दोन गाड्यांचा हिशेब जमवायचा होता, सहलीच्या भाड्यात सवलत मिळत होती, ‘एवढी आलीच आहेत तर’ असं करत आकडा वाढला. गडाच्या वाटेवरच्या लोखंडी शिड्यांवर एकेक मूल चढवता चढवता उशीर झाला. गडावर पोचून डबे उघडायला दोन वाजले. नेढ्यात सगळ्यांना बसायचं होतं. ज्यांनी रतनगड पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते, गडाच्या माथ्यावरच्या खडकाला आरपार भोक आहे, सुईच्या नाकासारखं, त्याला नेढं म्हणतात. वारा असा लागतो की टोपी टिकत नाही. एका बाजूला भंडारदऱ्याचं पाणी, कळसूबाई, अलंग-मदन-कुलंग, दुसऱ्या बाजूला कोकणात तुटलेले कडे. तिथून पोरं हलेनात. आम्हीही घाई केली नाही.

उतरून रतनवाडीच्या देवळापाशी आलो तेव्हा झाडांखाली अंधारलं होतं. मोजलं तर ५७. पुन्हा मोजलं. ओळीत उभं करून नाव घेऊन मोजलं. ५७.

मोबाइल नव्हते. माझ्यासोबतचे सर आणि मामा बॅटऱ्या घेऊन परत वर गेले. मी बाकीच्या मुलांना देवळाच्या पुष्करणीपाशी बसवलं आणि त्यांच्यापुढे उभी राहिले. बसावंसं वाटेना. मुलींपैकी कुणीतरी हळूच गाणं सुरू केलं, मग आपणच थांबवलं. त्या मुलाचे वडील मार्केट यार्डात हमाल होते. सहलीचे पैसे त्यांनी तीन हप्त्यांत दिले होते आणि तिसरा हप्ता द्यायला स्वतः आले होते. मला सारखे त्यांचे हात दिसत होते.

साडेनऊला साम्रदच्या वाटेने कंदील हलत आला. साम्रद गावचा एक माणूस आणि त्याच्यामागे आमचा मुलगा, तोंडाला भाकरीचे कण. झालं होतं असं की नेढ्यावरून उतरताना तो आडोशाला गेला, आणि परत आला तर कुणी नाही. आवाज ऐकू आले असं वाटून त्र्यंबक दरवाजाने उतरायला लागला. ती वाट गडाच्या दुसऱ्या अंगाला साम्रदला उतरते. अंधार पडता पडता एका घराशी पोचला. त्या घरातल्या बाईने आधी त्याला जेवू घातलं, मग विचारलं, कुठला रे तू?

दुसऱ्या दिवशी संगमनेरला उतरल्यावर घरी न जाता मी थेट यार्डात गेले. कुणी सांगण्याआधी आपण सांगावं म्हणून. वडील पाठीवरचं पोतं उतरवून ऐकत होते. मी सगळं सांगितलं, आमचीच चूक आहे हेही सांगितलं. ते म्हणाले, “बाई, पोरगं आलं ना घरी? मग पुढच्या वर्षी धाकटीला पण न्या. पण मोजून न्या.”

दोन वर्षांनी धाकटी अकरावीला आली. नेली.

पण त्या डिसेंबरनंतर बरंच बदललं. एका खेपेला २४ मुलं, त्यापेक्षा एकही जास्त नाही. ५८ न्यायची असतील तर तीन खेपा, तीन शनिवार-रविवार. प्राचार्यांना ते परवडायचं नाही, घरच्यांनाही नाही, पण तेवढं केलं. प्रत्येकाला जोडीदार ठरवून दिलेला, आडोशाला जायचं तरी जोडीदाराला सांगून. ट्रेकवाली मुलं ज्याला लीड आणि बॅकलीड म्हणतात ती माणसं पक्की: पुढे मामा, सगळ्यांत मागे शिक्षक, मागच्याच्या मागे कुणी नाही. ओढा, पहिली शिडी, गणेश दरवाजा, नेढं, अशा ठरलेल्या जागी मोजणी. गडावरून उतरायला सुरुवात दुपारी एकला, मग डबा उघडलेला असो वा नसो. नोव्हेंबरात मी एकटी मामांबरोबर जाऊन वाट बघून यायची, कारण पावसाळ्यात शिडीचा बोल्ट सैल होतो, दरड येते, आग्या मोहोळ जागा बदलतं. अत्तर आणि डिओ पिशवीतून बाहेर काढून संगमनेरलाच ठेवायला लावायची. मोहोळाखालून जाताना उग्र वास आणि धूर नको, हे मामांनी पहिल्याच वर्षी शिकवलं होतं. फुरसं या विषारी सापाचंही तसंच: न बघता दगडाच्या कपारीत हात घालायचा नाही, आणि बसण्याआधी दगड काठीने वाजवायचा. सेंट जॉन अँब्युलन्सचा प्रथमोपचाराचा कोर्स मी वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी केला, माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाच्या पोरांबरोबर बसून.

आणि पालकांना मी हमीपत्र पाठवलं नाही, चिठ्ठी पाठवली. सायक्लोस्टाइलची पाठपोट एक. कुठून चढणार, शिड्या किती, कुठे मुक्काम, मुलींची झोपायची सोय कुठे, राजूरचं ग्रामीण रुग्णालय किती लांब, गाडी कुठे उभी असेल. खाली माझा घरचा पत्ता. तुमच्या मुलाबद्दल मला काय माहीत असायला हवं ते मागच्या बाजूला लिहा, म्हणून कोरी जागा. त्या कोऱ्या जागेने मला जेवढं सांगितलं तेवढं शाळा सोडल्याच्या दाखल्याने कधी सांगितलं नाही. ‘रात्री दचकून उठतो.’ ‘उंचावरून बघितलं की चक्कर येते, पण सांगणार नाही.’ एका आईने लिहिलं होतं, ‘वडील वारल्यापासून बोलत नाही, घेऊन जा.’

मुलींबद्दल वेगळं लिहायला हवं, कारण सहलींच्या नियमात ‘महिला शिक्षिका सोबत असावी’ एवढ्या ओळीपलीकडे त्यांचा विचार क्वचित दिसतो. अकरावीच्या मुलीला रात्रीचं बाहेर पाठवायचं म्हटलं की घरचे नाहीच म्हणतात. मी घरोघर जायची. चहा व्हायचा, मग कुणीतरी आजी विचारायची, आणि त्या दिवसांत असली तर? तर काय, आजी, चालायचं. प्रत्येक मुलीच्या पिशवीत कागदी पिशव्या आणि जुनी वर्तमानपत्रं (तुमचंही असायचं, राग मानू नका), माझ्याकडे खुरपं, आणि ओढ्यापासून लांब आडोसा शोधून द्यायची जबाबदारी माझी. हे वर्गात कुणी बोलत नाही. डोंगरावर बोलावंच लागतं, आणि एकदा बोललं की मुली परतीच्या गाडीत एकमेकींशी मोकळेपणाने बोलतात. एका वर्षी एक आई म्हणाली, मी येते सोबत, मग पाठवते. कांदे काढायला रोजाने जाणारी बाई. नऊवारीचा काष्टा घट्ट खोचून, पायात साधी चप्पल, आमच्या स्पोर्ट शूजवाल्या पोरांच्या पुढे शिडीपाशी जाऊन बसली आणि म्हणाली, दमलात व्हय रे?

शिडीवरूनच आणखी एक. २००४ किंवा २००५ असेल. कबड्डीचा आमचा कॅप्टन, दंड असे की बाही फाटावी. दुसऱ्या शिडीच्या मधोमध त्याचे पाय थांबले. वर जाईना, खाली येईना. दोन्ही मुठी गजाला आवळलेल्या, बोटांची पेरं पांढरी, गजाचा गंज घामाने ओला होऊन मनगटावरून ओघळत होता. खालची मुलं आधी हसली. मग त्याचा श्वास ऐकू यायला लागला तसं हसणं आपोआप बंद झालं. मी खालून काहीबाही बोलत होते, त्याला ऐकूच जात नव्हतं. मामा त्याच्या खालच्या गजावर चढले, त्याच्या उजव्या घोट्याला हात लावला आणि म्हणाले, “हा पाय माझा. मी ठेवतो तिथं ठेव.” एक पाय उचलून वरच्या गजावर ठेवला. मग डावा. मग थांबले. सोळा गज असे. दहा-बारा मिनिटं लागली असतील. वर पोचल्यावर तो भिंतीला टेकून रडला, आणि त्याच्या संघातली पोरं त्याच्याकडे पाठ करून, बाकीच्यांना तो दिसू नये अशी, ओळीत उभी राहिली. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. उतरताना मामांनी दोर बांधला, आणि तो मागच्या मुलीला सांगत होता, हा गज सैल आहे, पुढच्यावर पाय दे.

आता कुणी म्हणेल, बाई, काळ बदलला. अपघात झाले म्हणून तर नियम आले. खरं आहे. ८ जून २०१४ ला हिमाचलात मंडीजवळ थलौट इथे हैदराबादचे २४ इंजिनीअरिंगचे विद्यार्थी बियासच्या पात्रात दगडांवर फोटो काढत उभे होते, वरच्या लारजी धरणातून पाणी सोडलं आणि वाहून गेले. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या महाविद्यालयाचे १४ विद्यार्थी बुडाले. त्या रात्री मला झोप लागली नाही, माझ्या ५७ची आठवण येत राहिली. पण या दोन्ही ठिकाणी मुलं कुठलं साहस करत होती? ना दोर, ना कडा. सहलीला आलेली मुलं पाण्यात उतरली होती, एवढंच. नदीच्या वर धरण आहे आणि ते सुटतं, किनाऱ्यावरच्या कोळ्याला विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालायचा नाही, हे जिथल्या तिथे सांगणारं कुणीतरी हवं होतं. भूगोलाच्या माणसाला हे फार लागतं. भरती-ओहोटीची आकृती आम्ही फळ्यावर काढतो, पाच मार्कांना विचारतो.

मुरूडनंतर परवानग्यांची जंत्री वाढली. राज्य सरकारने २०१८ मध्ये साहसी उपक्रमांच्या सुरक्षेसाठी शासननिर्णय काढला, २०२१ मध्ये साहसी पर्यटन धोरण आणलं. त्यात जमीन, पाणी, हवा अशा तिन्हीकडच्या उपक्रमांचे नियम आहेत, आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची आहे. मी ते वाचलं, चष्मा पुसून पुसून वाचलं. बऱ्याच गोष्टी शहाणपणाच्या आहेत. माझी तक्रार नियमांबद्दल नाहीच. नियम आल्यावर कॉलेजांनी काय केलं, त्याबद्दल आहे. मुलं कमी करणं, वाट आधी बघून येणं, शिक्षकाला प्रथमोपचार शिकवणं, हे कष्टाचं. डोंगर रद्द करून रिसॉर्टला फोन लावणं सोपं. आणि गंमत बघा, झिपलाइन हाही त्याच नियमांखाली येणारा साहसी उपक्रम! त्याच्या नोंदणीचा कागद मागायला कुणी जात नाही, कारण तिथे गेट आहे, गणवेशातला माणूस आहे, म्हणजे सगळं ठीक असणार.

इंग्लंडमधली एक गोष्ट वाचनात आली होती. मार्च १९९३ मध्ये तिथल्या लाइम बे नावाच्या उपसागरात प्लिमथच्या एका शाळेची अकरावी-बारावीच्या वयाची मुलं कयाक घेऊन गेली आणि त्यातली चौघं दगावली. ज्या केंद्राने त्यांना नेलं होतं तिथल्या दोन प्रशिक्षकांनी काही महिने आधीच नोकरी सोडून मालकाला पत्र लिहिलं होतं, की इथे सुरक्षा धड नाही, कुणाचा तरी जीव जाईल. ते पत्र पुढे कोर्टात आलं. संचालकाला तुरुंगवास झाला आणि १९९५ साली पार्लमेंटने कायदा करून अशा केंद्रांना परवाना आणि तपासणी लागू केली. पालकांनी सही केली होती म्हणून कुणी सुटलं नाही, आणि मुलांनी समुद्रावर जाऊ नये असंही कुणी ठरवलं नाही.

मुळात अकरावीच्या मुलाकडे वेळ कुठे आहे, असाही प्रश्न येतो. नातीचं कॉलेज नावालाच, खरी ती असते क्लासमध्ये. सकाळी सहाला जाते, संध्याकाळी सातला येते, रविवारी टेस्ट. सोळा वर्षांची मुलगी, आणि संगमनेरहून प्रवरेच्या उगमाशी एकदाही गेलेली नाही. तिच्या बोर्डाच्या अभ्यासात ‘पर्यावरण शिक्षण व जलसुरक्षा’ नावाचा सक्तीचा विषय आहे. त्याचा प्रकल्प असतो. मी विचारलं, तुझा प्रकल्प कशावर? म्हणाली, आजी, झेरॉक्सच्या दुकानात तयार मिळतो, नाव तेवढं घालायचं. शंभर रुपये. मी तो प्रकल्प मागवून पाहिला. शीर्षक ‘आपल्या परिसरातील जलस्रोत’. आतलं चित्र कुठल्याशा परदेशी नदीचं, काठावर सूचिपर्णी झाडं!

शिक्षण खात्याला आणि मंडळाला माझं म्हणणं आहे की त्या विषयाचा प्रकल्प झेरॉक्सच्या दुकानातून सोडवा आणि अकरावीच्या हिवाळ्यात दोन दिवसांच्या खऱ्या पायपिटीला जोडा. प्रत्येक तालुक्याला आपली नदी आहे, आपली टेकडी आहे. रतनगडच हवा असं नाही, शिडीही लागत नाही. वर्गाचे लहान गट करा, पंचवीसच्या आत. सोबतच्या शिक्षकाला प्रथमोपचाराचं प्रशिक्षण आणि त्या दोन दिवसांची रीतसर ड्युटी द्या, ‘स्वखुशीने’ नको. गावातला वाटाड्या घ्या आणि त्याला पैसे द्या, चहापाणी नव्हे, पैसे. नातीच्या सहलीचे २,४०० रुपये रिसॉर्टला जाणार आहेत. माझ्या शेवटच्या सहलीला, २०१३ मध्ये, माणशी ४५० रुपये आले होते. त्यातले जेवणाचे आणि मुक्कामाचे रतनवाडीतल्या चार घरांना मिळाले, पिठलं, नाचणीची भाकरी आणि ठेचा, पोटभर. आणि ते हमीपत्र बंद करा. त्याजागी पाठपोट चिठ्ठी आणि मागची बाजू कोरी.

माझ्या जुन्या सहकाऱ्यांनाही एक सांगायचं आहे, रागावू नका. तुम्ही म्हणता, काही झालं तर नोकरी जाईल. जाऊ शकते. त्या साडेनऊपर्यंत मीही तोच विचार करत होते, आणि खोटं कशाला बोलू, मुलाच्या आधी एक क्षण नोकरीचाच विचार आला होता. म्हणूनच २४ वर थांबले.

पत्र लांबलं आहे, हे मला कळतंय. कात्री लावायचीच असेल तर इंग्लंड कापा, शिडी ठेवा.

नातीच्या कागदावर सही झाली नाही. ती दोन दिवस माझ्याशी बोलली नाही, मैत्रिणी सगळ्या जाणार आहेत म्हणून. तिसऱ्या दिवशी विचारलं, आजी, नेढ्यात फोनला रेंज येते का? डिसेंबरातल्या दुसऱ्या शनिवारी ती, तिच्या दोन मैत्रिणी, त्यांच्यातल्या एकीची आई, माझा मुलगा आणि मी असे सहा जण रतनवाडीला जातो आहोत. मामा आता नाहीत. त्यांचा मुलगा वाट दाखवेल. माझे गुडघे शिडी चढू देणार नाहीत, मी पहिल्या ओढ्यापाशी संत्री सोलत बसेन. शनिवारी निघताना सहा, रविवारी उतरल्यावर सहा.

आपली,
एक निवृत्त भूगोल शिक्षिका,
संगमनेर, जि. अहिल्यानगर